आशीर्वादातील रक्त

इंग्रजीतील 'ब्लेस' हा शब्द आज कोणी शिंकले तरी उच्चारला जातो, इतका तो सौम्य झाला आहे. त्याचे प्राचीन रूप 'ब्लेत्सियन' किंवा 'ब्लेड्सियन' असे होते. आणि त्याचे मूळ 'ब्लोद' म्हणजे रक्त या शब्दात असावे, असा व्युत्पत्तिकारांचा सर्वसाधारण कौल आहे. रक्त शिंपडून पवित्र करणे, हा त्याचा मूळ अर्थ. ख्रिस्ती होण्यापूर्वी बळी देणाऱ्या अँग्लो-सॅक्सन लोकांचा तो शब्द.

५९७ साली रोमचे धर्मोपदेशक केंटच्या राज्यात उतरले. त्यांच्या लॅटिनमध्ये आशीर्वाद देणे म्हणजे 'चांगले बोलणे', एवढेच, ग्रीकमध्येही तेच. या निव्वळ वाचिक कल्पनेसाठी इंग्रजीत योजला गेला तो मात्र रक्ताचा शब्द! पोप ग्रेगरीचे ६०१ सालचे मेलिटसला लिहिलेले पत्र पाहिले म्हणजे हे नवल ओसरते. देवळे पाडू नका, मूर्ती तेवढ्या काढा, पवित्र जल शिंपडा. बैल मारायचे ते सैतानाला अर्पण करण्यासाठी नव्हे, देवाचे आभार मानून खाण्यासाठी मारा, असा त्याचा आशय आहे. देवळांचे जे झाले, तेच शब्दाचे झाले.

मग उगमाचे पातक शब्दाला चिकटते काय? कायद्यातील शब्दाचा अर्थ आम्ही वकील त्याच्या वंशावळीवरून नव्हे, वापरावरून लावतो. त्या न्यायाने 'ब्लेस' निर्दोष सुटतो. मला सलते ते निराळेच. त्या जुन्या आशीर्वादाची किंमत कोणीतरी मोजत होते, आणि ज्याचे रक्त सांडे त्याची संमती कोणी विचारीत नव्हते. ती प्रथा गेली, हे निःसंशय बरे झाले. पण तिच्याबरोबर आशीर्वाद फुकट झाला. आपल्या 'आशीर्वादा'त तर 'वाद' म्हणजे बोलणेच आहे. संस्कृत व्याकरणाने त्यासाठी आशीर्लिङ् हे क्रियापदाचे स्वतंत्र रूपच राखून ठेवले. बोलणाऱ्याची झीज कसलीच नाही.

फुकट म्हणून तो पोकळ, असे मात्र मला म्हणवत नाही. कोकणीत आभार मानताना 'देव बरें करूं' म्हणतात. उपकार माझ्यावर झाला, फेड देवाने करावी! ऋणकोने आपले देणे परस्पर तिसऱ्याच्या नावे वळविण्याचाच हा प्रकार. धनकोच्या संमतीवाचून कायदा तो चालू देत नाही. येथे धनको हसून संमती देतो. कारण आपण देणे लागतो, हे समोरच्याने तोंडाने कबूल केलेले असते.