पालक शाळेला कशासाठी हवेत?

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवून दिले आहे. सहा-सात वर्षांचे मूल रोज दहा तास झोपते असे धरले, तरी त्याचे जागेपणीचे तास वर्षाला पाच हजारांच्या वर जातात. म्हणजे शाळेच्या वाट्याला त्यातला जेमतेम सहावा हिस्सा येतो. उरलेला वेळ मूल घरात, गल्लीत, शेताच्या बांधावर, मोबाइलसमोर नाहीतर आजीच्या मागेमागे असते. बोलणे, मोजणे, अंदाज बांधणे, गोष्ट ऐकणे आणि ती मीठमसाला लावून दुसऱ्याला सांगणे हे सगळे ते त्या वेळातही शिकत असतेच. प्राथमिक शाळेच्या कामात कुटुंबाने कुठे आणि किती यावे, हा प्रश्न या हिशेबातून उभा राहतो. शिस्त, फी आणि गैरहजेरी या गोष्टी त्यात फार नंतर येतात, पालकसभेत मात्र त्याच आधी निघतात.

सार्वत्रिक शिक्षणाच्या सुरुवातीच्या काळात शाळेच्या दृष्टीने पालक ही एक अडचण होती. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सगळ्या बडोदा संस्थानात सक्तीचे शिक्षण आणले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. दोन्हीकडे मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड होता. शेतकरी-कारागिराच्या घरात मूल म्हणजे राबणारे दोन हात होते, ते सोडवून आणायला कायद्याचा बडगा लागणारच होता. पण त्यातून एक समजूत मागे उरली. मूल शाळेच्या दारापर्यंत पोचवले की पालकाचे काम संपले, पुढचे गुरुजी पाहतील. ही समजूत पालकांइतकीच गुरुजींनाही सोयीची होती.

ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा या समजुतीला पहिला मोठा छेद गेला. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाईंपुढे इथे वेगळाच पेच होता. गरीब वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येतच नव्हती. तेव्हा बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली गेली, आणि आज देशभर रूढ झालेली अंगणवाडीची कल्पना तिथे रुजली. पुढे कोसबाडला अनुताई वाघ आणि ताराबाईंनी वारली मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मुले गुरे राखायला जात, म्हणून शिक्षिका कुरणावर गेल्या. पाठच्या भावंडाला कडेवर घेऊन फिरणाऱ्या मुलीला शाळेत यायचे तर ते भावंड कुठे ठेवायचे, हा प्रश्नही त्यांनी शाळेचाच मानला आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एका आवारात आणल्या. घरची कामे, घरचे वेळापत्रक, हाताशी असलेले दगड-शंख-पाने यांच्याशी शाळेने जुळवून घ्यायचे, हा या प्रयोगाचा गाभा होता. सहभागाची सुरुवात शाळेने करायची असते, हे इतक्या स्वच्छपणे महाराष्ट्रात पुन्हा क्वचितच मांडले गेले.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पालकाला अधिकार दिले. कलम २१ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती हवी, तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या जागांवर महिला. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यायच्या. सरकारी शाळेत या समितीने शाळेच्या कामावर देखरेख करायची, शाळा विकास आराखडा तयार करायचा, मिळालेल्या अनुदानाचा खर्च पाहायचा. कागदावर याहून चांगली रचना सुचवणे अवघड आहे. प्रत्यक्षात अनेक गावांत अध्यक्षपदाची निवडणूक ग्रामपंचायतीची रंगीत तालीम होते, महिला सदस्याच्या वतीने तिचा नवरा बैठकीला येतो आणि इतिवृत्ताची वही सह्यांसाठी घरोघर फिरते. बैठक झाली तरी विषय भिंतीचा, पत्र्याचा, पाण्याच्या टाकीचा. तिसरीतल्या किती मुलांना सरळ परिच्छेद वाचता येतो, हा विषय निघत नाही, कारण तो विचारायचा कसा हे कोणी शिकवलेले नसते.

केवळ समिती आणि माहिती दिल्याने काय साधते, याची चाचणी उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात झाली आहे. अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी २८० गावांत केलेला हा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. अनेक पालकांना ग्राम शिक्षण समिती नावाची गोष्ट गावात आहे हेच ठाऊक नव्हते. काही सदस्यांना आपण सदस्य आहोत हेही माहीत नव्हते. काही गावांत सभा घेऊन समितीचे अधिकार समजावले, काही गावांत त्याशिवाय मुलांचे वाचन तपासून गावाचे प्रगतिपुस्तक करायला शिकवले. या दोन्हींमुळे शाळेत काहीच हलले नाही. तिसऱ्या प्रकारच्या गावांत स्थानिक तरुणांना वाचन शिकवण्याची साधी पद्धत दिली गेली. त्यांनी चालवलेल्या वर्गांना आलेली मुले वाचू लागली. लोकांना शाळेवर नजर ठेवायला सांगितले तेव्हा फारसे कोणी पुढे आले नाही. हातात करण्याजोगे काम दिले तेव्हा माणसे आली.

महाराष्ट्रात लोकसहभागाने आणखी एक वळण घेतले. जिल्हा परिषद शाळांच्या यशोगाथांत लोकसहभाग म्हणजे बहुधा वर्गणी असते. गावाने पैसे जमवून प्रोजेक्टर आणला, भिंती रंगवल्या, पेव्हर ब्लॉक बसवले, प्रवेशद्वार उभारले. यात वाईट काही नाही, आणि कित्येक गावांनी पोटाला चिमटा काढून शाळा सावरल्या आहेत. मात्र वर्गणी देऊन मोकळा झालेला पालक मुलाच्या शिकण्यापासून तितकाच लांब राहू शकतो. ज्या गावाकडे द्यायला पैसे नाहीत ते गाव उदासीन ठरते, हा त्याहून मोठा अन्याय.

पालकाने घरी नेमके काय केले की मूल शिकते, याचे एक जुने आणि अजूनही विचार करायला लावणारे उत्तर लंडनच्या हॅरिंगे भागातून आले. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथल्या काही शाळांनी मुलांसोबत घरी पुस्तक पाठवायला सुरुवात केली. आईवडिलांनी शिकवायचे नव्हते, मूल वाचेल ते फक्त ऐकायचे होते. तुलनेसाठी दुसऱ्या काही शाळांत मुलांना प्रशिक्षित शिक्षिकेची जादा मदत दिली गेली. दोन वर्षांनी पालकांपुढे वाचणाऱ्या मुलांचे वाचन स्पष्टपणे सुधारले, जादा शिकवणीच्या मुलांत तसा फरक दिसला नाही. त्या पालकांत इंग्रजी न येणारे होते, मुळीच वाचता न येणारेही होते. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांची सगळीकडे हुबेहूब पुनरावृत्ती होईलच असे नाही, पण आपल्याला येत नाही म्हणून आपण मदत करू शकत नाही हे पालकांचे नेहमीचे वाक्य त्यातून बरेच लुळे पडते. महाराष्ट्रात हे वाक्य सर्वांत जास्त ऐकू येते ते इंग्रजी माध्यमात मुले घातलेल्या मराठी घरांत. तिथे आई गृहपाठाला घाबरते, शिकवणी लावते आणि मराठीत गोष्ट सांगणेही थांबवते. गृहपाठ तिच्या आवाक्याबाहेर असेल. गोष्ट आवाक्यात होती, आणि वाचनाच्या पायासाठी तीच अधिक उपयोगाची होती.

भारतातही माता-शिक्षणाचा असा अभ्यास झाला आहे. बिहार आणि राजस्थानातल्या गावांत काही आयांना साक्षरतेचे वर्ग, काहींना मुलांबरोबर घरी करायच्या कृतींचे संच आणि काहींना दोन्ही दिले गेले. २०१७ मध्ये आलेल्या निष्कर्षांप्रमाणे मुलांच्या गणितात सुधारणा झाली, पण ती लहान होती. आयांचा मुलांच्या अभ्यासातला वावर मात्र वाढला. या विषयावर लिहिणाऱ्यांनी या लहान आकड्यापुढे नम्र राहायला हवे. आई सहभागी झाली की शाळेची सगळी उणीव भरून निघते, असा दावा कोणी करू नये. सरकारने तर मुळीच करू नये.

महाराष्ट्रात २०२२ पासून चालणाऱ्या ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानात ही दिशा दिसते. पहिलीत दाखल होणाऱ्या मुलांसाठी उन्हाळ्याच्या सुट्टीच्या आधी आणि शाळा उघडताना असे दोन मेळावे होतात. शाळेच्या पटांगणात किंवा व्हरांड्यात टेबले मांडलेली असतात. एकापाशी नावनोंदणी, दुसऱ्यापाशी शारीरिक विकास, मग बौद्धिक, सामाजिक-भावनिक, भाषा, गणनपूर्व तयारी आणि शेवटी पालकांशी बोलणे. मूल चुन्याने आखलेल्या रेषेवरून तोल सांभाळत चालते, कागद फाडते, घडी घालते, चित्र पाहून काय दिसते ते सांगते, खड्यांचे लहानमोठे ढीग लावते. आई त्याच्याबरोबर टेबलामागून टेबल फिरते आणि प्रत्येक ठिकाणची नोंद विकासपत्रावर होते. हे पत्र आईच्या हातात राहते. मग वस्तीतल्या पाच-सात आयांचा गट होतो, त्यांना आठवड्याच्या कृती मिळतात आणि दुसऱ्या मेळाव्यात तेच मूल पुन्हा त्याच टेबलांवरून जाते. मुलाला कमीजास्त ठरवण्यापेक्षा आईला काय पाहायचे हे कळणे, यात या रचनेचे खरे मोल आहे. रेषेवरून चालणे आणि अक्षर गिरवणे यांचा संबंध काय, हे तिला कोणी आधी सांगितलेले नसते. उत्साह ओसरल्यावर काही ठिकाणी मेळावा फोटोपुरता उरतो, हेही खरे.

घरच्या कृती घरच्या कामातच सापडतात. तांदूळ निवडताना खडे मोजणे, कांदे-बटाटे आकाराने लावणे, भाकरीचे चार सारखे तुकडे करणे, आठवडी बाजारात शंभराच्या नोटेचे किती परत येतील ते आधी सांगणे, एसटीच्या पाटीवरचे गावाचे नाव वाचणे. पाव किलो आणि अर्धा किलो पुस्तकात येण्याच्या आधी मुलाच्या हाताला कळलेले असतात. अनेक शाळांतल्या बाल आनंद मेळाव्यात, म्हणजे मुलांनी भाजी-भजी-चहा विकायच्या बाजारात, ही कृती शाळेतच घडते आणि गिऱ्हाईक म्हणून पालक येतात. तो दिवस गणिताच्या कित्येक तासांना भारी ठरतो, फक्त गल्ल्याचा हिशेब शिक्षकाने नव्हे, मुलांनी करायला हवा. याच्या अगदी उलट टोकाला शहरी शाळांचे प्रोजेक्ट आहेत. थर्माकोलचा किल्ला, ज्वालामुखी, सूर्यमाला. रात्री अकरा वाजता वडील फेविकॉल शोधत असतात आणि मूल झोपलेले असते. त्यालाही पालकांचा सहभाग म्हणतात.

घरात ज्ञान असते हे मान्य करणे शाळेला जड जाते. अमेरिकेतल्या टुसॉन शहरात लुईस मॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षकांना मेक्सिकन कामगार कुटुंबांच्या घरी पाठवले, ते तक्रार सांगायला नव्हे, शिकायला. शेती, बांधकाम, औषधी वनस्पती, व्यापार यांची केवढी जाण त्या घरांत आहे ते शिक्षकांनी नोंदवले आणि त्यावर पाठ बेतले. १९९२ च्या त्यांच्या लेखानंतर ही कल्पना जगभर गेली. महाराष्ट्राच्या कोणत्याही तालुक्यात अशा ज्ञानाला तोटा नाही. कुंभार मातीबद्दल, गवंडी ओळंब्याबद्दल, मेंढपाळ पावसाच्या अंदाजाबद्दल तासभर बोलू शकतो. त्याला वर्गात बोलावणारी शाळा विरळा. त्याला बोलावणे येते ते बहुधा मुलगा गैरहजर असल्याबद्दल.

आणि बोलावायचे कोणाला, हाही प्रश्न आहे. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीची कुटुंबे निघतात आणि गाळप संपल्यावर उन्हाळ्यात परततात. शैक्षणिक वर्षाचा मोठा भाग त्यात जातो. मागे राहिलेली मुले हंगामी वसतिगृहाच्या जेवणावर आणि आजी-आजोबांच्या भरवशावर असतात. त्यांच्या शाळेत पालकसभा म्हणजे आजींची सभा. त्यात हजर राहणाऱ्या आजीला मोबाइलवर आलेला व्हिडिओ उघडता येत नाही, पण ओव्या, उखाणे, कोडी यांचा तिच्यापाशी साठा असतो, आणि पहिली-दुसरीच्या भाषेच्या तासाला तो थेट कामाचा आहे. मूल आईवडिलांबरोबर गेले तर शिक्षण हमी कार्ड दाखवून फडाजवळच्या शाळेत बसता येते. तिथल्या गुरुजींना मात्र त्याचे आईवडील दिसत नाहीत, कारण ते पहाटे कोयता घेऊन बाहेर पडतात आणि अंधार पडल्यावर परततात. अशा पालकाला उदासीन म्हणणे सोपे असते. सभेची वेळ कोणाच्या सोयीने ठरली ते आधी पाहावे.

वेळेबरोबर बाईपुरुषाचा हिशेबही येतो. माता पालक गट, माता मेळावे, संक्रांतीचे शाळेतले हळदीकुंकू, सगळीकडे आई. हळदीकुंकवामुळे कधी शाळेची पायरी न चढलेल्या बायका वर्गात येतात हे खरेच. पण जुन्या रीतीने केले तर विधवा आई दाराबाहेर राहते, म्हणून जाणत्या शिक्षिका सगळ्यांना बोलावतात. वडिलांना शाळेत आणणारा असा एकही रुळलेला कार्यक्रम नाही. घरची सगळी कामे आवरून आठवड्याच्या कृतीही आईनेच करायच्या, तर सहभाग हे तिच्या डोक्यावरचे आणखी एक ओझे होते.

शिक्षकाची बाजूही यात धरली पाहिजे. ६० पर्यंत पटाच्या शाळेला कायद्याने दोन शिक्षक. त्या दोघांत पाच वर्ग, पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती आणि निवडणुकीची कामे. घरोघर जायला वेळ उरतो तो शाळा सुटल्यावरचा, आणि डी.एल.एड.च्या अभ्यासक्रमात पालकांशी कसे बोलावे याचा सराव जवळपास नसतो. तरीही एक बदल कोणत्याही शाळेला उद्यापासून करता येण्याजोगा आहे. पालकसभेच्या सूचनापत्रात वर्गणी, गणवेश आणि गैरहजेरी यांच्याबरोबर त्या आठवड्यात घरी करायची एक कृती लिहायची, न वाचता येणाऱ्या पालकालाही करता येईल अशी, आणि पुढच्या सभेत आधी तिच्याबद्दल विचारायचे. एवढे होत नसेल, तर सभेला गर्दी जमवून शाळेला उपयोग नाही आणि मुलालाही नाही.