साथीचा प्रश्न

गाणाऱ्याच्या मागे बसून जो वाजवतो त्याला आपण साथीदार म्हणतो, आणि अडचणीच्या वेळी जो सोडून जात नाही त्यालाही साथीदारच म्हणतो. या दोहोंना मराठीने एकच शब्द का दिला असावा, याचा विचार आम्ही कधी केला नव्हता. तो करण्याची वेळ हैदराबादेतील एका बंद खोलीत आली.

आम्ही पाच जण हुमनाबादचे. एका शाळेत शिकलो, पुढे पोटापाण्यासाठी पुणे, सोलापूर, हैदराबाद असे पांगलो. एक जण तेवढा गावात राहिला. २०२४ साली तुळशीची लग्ने उरकल्यावर आमच्यातील एकाच्या कन्येचा साखरपुडा होता. संध्याकाळी तिच्या मैत्रिणींनी आम्हा पन्नाशी उलटलेल्या मंडळींना एक खोली दोन तासांच्या भाड्याने घेऊन दिली. खोली म्हणजे जाड अस्तराच्या भिंती, एक लांब सोफा, समोर पडदा आणि दोन माइक. दार लावले की आतला आवाज बाहेर जात नाही, असे गल्ल्यावरच्या मुलाने सांगितले. यादीत हिंदी आणि तेलुगू गाणी उदंड, कन्नड बेताची, मराठी बोटांवर मोजण्याइतकी. आम्हांला त्याचे नवल वाटले नाही. आमच्या भागातला माणूस एका दिवसात तीन भाषा बोलून झोपतो.

गाणे विकत घेऊन दाराआड गावे, ही कल्पना मात्र पचायला जड गेली. हुमनाबादच्या माणसाला गाणे म्हटले की आधी माणिकनगर आठवते. श्री माणिकप्रभूंनी (१८१७–१८६५) मराठी, कन्नड, हिंदी, संस्कृत अशा भाषांतून पदे रचली, आणि गाणे ही तेथील उपासनाच झाली. दत्तजयंतीच्या उत्सवात तेथे दरबार भरतो आणि नामवंत गवई येऊन प्रभूंपुढे हजेरी लावतात. तिकीट नाही, दार नाही. भजनात बसणाऱ्याला तुझा गळा कसा, असे कोणी विचारत नाही. अशा गावची माणसे तासाचे पैसे मोजून, कडी लावून गाणार! आमच्यातील सोलापूरकर मित्र म्हणाला, ‘‘हे म्हणजे नदीकाठी राहून बाटलीतलं पाणी पिणं.’’ आम्ही हसलो, आणि गायला लागलो.

या यंत्राची जन्मकथा येथे सांगण्याजोगी आहे. जपानातील कोबे शहरात दाइसुके इनोउए नावाचा वादक हौशी गिऱ्हाइकांना साथ करी. एका गृहस्थाने त्याला सहलीस बरोबर बोलावले. त्याला जाता येईना. म्हणून त्याने त्या गृहस्थाच्या आवाजाला सोसेल अशा बेताने साथ ध्वनिफितीवर भरून दिली. त्यातून १९७१ मध्ये त्याचे यंत्र आले. त्याने एकस्वही घेतले नाही. २००४ साली त्याला इग नोबेल हा गमतीचा शांतता पुरस्कार मिळाला, तो माणसांना एकमेकांना सहन करण्याची नवी रीत शिकवल्याबद्दल! कराओके या शब्दाचा अर्थ रिकामा वाद्यवृंद. आम्हांला त्या पहिल्या ध्वनिफितीचे मोल अधिक वाटते. ती कोणा एका माणसाची होती, त्याच्या दमाची लांबी ओळखून भरलेली. पुढे यंत्र सर्वांचे झाले, आणि कोणाचेच उरले नाही. आमच्या भजनातला तबलजी गाणारा अडखळला की ठेका धरून थांबतो, तो समेवर आला की हसतो. यंत्र थांबत नाही. पडद्यावरची अक्षरे रंग बदलत पुढे सरकतात आणि माणूस मागे राहतो.

तसा आमचा एक मित्र मागे राहिला, तोच जो गावात राहिला आहे. इतरांची चार-चार गाणी झाली, तो चहाच सांगत होता. आग्रह झाल्यावर त्याने माइक घेतला आणि खाली पाहत म्हणाला, ‘‘पाचवीत असताना पंधरा ऑगस्टच्या समूहगीताला गुरुजींनी सांगितलं होतं, तू नुसते ओठ हलव. तेव्हापासून हलवतोय.’’ आम्हांला वाटले, विनोद करतो आहे. तो विनोद नव्हता. चाळीस वर्षे गल्लीच्या भजनात तो टाळ वाजवीत आला होता आणि तोंडाने काहीच म्हणत नव्हता.

तो गायला. सूर लागला नाही, ताल तर पहिल्या ओळीतच सुटला. दुसऱ्या कडव्यावर तो थांबला. यंत्र पुढे चालले होते. तेव्हा पुणेकराने दुसरा माइक न उचलता, नुसत्या तोंडाने ती ओळ धरली, अगदी हळू. मित्र तिला धरून पुन्हा चालू लागला. गाणे संपले. ‘‘खरं सांगा, कसं झालं?’’ असे त्याने विचारले. एक जण चटकन ‘छान’ म्हणाला. आम्हांला तो शब्द गुरुजींच्या वाक्याचाच धाकटा भाऊ वाटला. दोहोंचा हेतू प्रसंग मिटवणे हाच. पुणेकर म्हणाला, ‘‘सुरात नव्हतं. दुसरं एखादं लाव.’’ आणि त्याने दुसरे लावले.

सत्य बोलावे, पण प्रिय बोलावे, असे वचन आपण पाठ करतो. सत्य आणि प्रिय यांत निवड करण्याची वेळ आपण स्वतः काहीच करायला तयार नसतो तेव्हाच बहुधा येते, हे वचनात नाही. ज्याने ओळ धरली त्याला खरे बोलणे जड गेले नाही. ज्याने धरली नाही त्याला ‘छान’ म्हणावे लागले. तो ‘छान’ म्हणणारा कोण, हे लपवण्यात अर्थ नाही. हे लिहिणाऱ्याचाच तो आवाज होता.

त्याहून बोचते ते वेगळेच. गल्लीच्या भजनात दार सताड उघडे होते, कोणालाही मज्जाव नव्हता. आणि त्याच उघडेपणात आमच्या शेजारी मांडीला मांडी लावून बसलेला माणूस गात नाही, हे आम्हांला कळले नाही. आवाज एवढा दाटलेला होता की त्यातून एक वजा झाला तरी फरक पडला नाही. भाड्याच्या खोलीत पाचच जण होते, म्हणून तो ऐकू आला. यावरून बंद खोली श्रेष्ठ असे आम्ही म्हणणार नाही. पाण्याची बाटली ती बाटलीच. पण नदीकाठची माणसे तहानलेली राहू शकतात, एवढे तरी कबूल करावे लागते.

दोन तास संपल्याची टकटक झाली. दार उघडल्यावर गल्ल्यावरचा मुलगा त्या मित्राकडे पाहून हसला. म्हणजे आवाज बाहेर जात होता.

पुढे डिसेंबरात दत्तजयंती आली. आम्ही सगळे माणिकनगरला गेलो. भजन सुरू झाले, मित्राने टाळ घेतला. आम्ही मुद्दाम त्याच्या दोन्ही बाजूंस बसलो आणि कान देऊन ऐकू लागलो. ओठ हलत होते. टाळ, मृदंग आणि शेकडो कंठ यांच्या गजरात त्याचा आवाज आहे की नाही, ते कळेना. शेवटी पुणेकर त्याच्या अगदी कानाशी वाकला, तेव्हा मित्राने न थांबता, टाळ न चुकवता, त्याला कोपराने बाजूला सारले.