सात रस्त्याला गरम

गुरुजींनी गाडी सावलीला लावली आणि काच खाली करून सांगितलं, "मिस्त्री, पुण्याकडे निघालो की एसी गार असतो. मोहोळपर्यंत अंगावर काटा येतो. पण गावात आलो, सात रस्त्याचा सिग्नल लागला, की गरम हवा." हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी म्हणालो, "गॅस कमी झालाय, गुरुजी," आणि सिलिंडर काढला.

तीन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. गाडी तेव्हाच अठरा वर्षांची होती.

त्यांच्या सांगण्यात सगळं निदान होतं. गाडी पळते तेव्हा समोरचा वारा कंडेन्सरमधून जातो आणि गॅसची उष्णता बाहेर पडते. गाडी उभी राहिली की ते काम पंख्याचं. पळताना गार आणि उभ्या गाडीत गरम, तर आधी पंखा बघायचा. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी पहिल्या आठवड्यात हेच सांगतो. मला कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मी ऐकलंच नाही.

मे महिना होता. पारा त्रेचाळीसच्या वर, दारात सहा गाड्या, प्रत्येकाला घाई. गॅस भरायला अर्धा तास लागतो आणि पैसे लगेच हातात येतात. पंखा, त्याचा रिले, वायरिंग तपासायला अर्धा दिवस जातो आणि शेवटी रिले निघतो दीड-दोनशे रुपयांचा. हा हिशेब मी त्या दिवशी मांडला नव्हता. तो कित्येक वर्षांपूर्वी मांडून झाला होता आणि हाताला सवय लागली होती.

मी गेज लावलं नाही. लावलं असतं तर दोन्ही काटे वर दिसले असते आणि गॅस पुरेसा असल्याचं कळलं असतं. मी नुसता पाइपला हात लावला आणि भरलेल्या सिस्टीममध्ये आणखी गॅस सोडला. मग कंडेन्सर धुतो म्हणून त्यावर बादलीभर पाणी मारलं. पाणी पडलं की कंडेन्सर थंड होतो आणि पाच-दहा मिनिटं हवा बर्फासारखी येते. त्या पाच-दहा मिनिटांत गुरुजींनी जाळीपुढे हात धरला, समाधानाने मान हलवली आणि पैसे दिले.

याहून वाईट गोष्ट आदल्या वर्षीची आहे. पाइपवर एक प्रेशर स्विच असतो. दाब फार वाढला की तो कॉम्प्रेसर बंद करतो. त्यांचा स्विच खराब झाला होता आणि बाजारात लगेच मिळत नव्हता, म्हणून मी दोन वायरी एकत्र पिळून त्यावर टेप गुंडाळला. "तात्पुरतं" म्हणालो होतो. म्हणजे पंखा बंद, गॅस जास्त आणि दाब वाढल्यावर थांबवणारं कोणी नाही. जून लागण्याआधी कॉम्प्रेसर बसला.

तो बदलताना पंखा फिरत नसल्याचं मी पाहिलं. रिले जळला होता. मी गुपचूप नवा रिले टाकला आणि गुरुजींना सांगितलं, "गाडी जुनी झाली, कॉम्प्रेसर गेला." साडेआठ हजार घेतले. "तुम्ही म्हणाल तसं," म्हणून त्यांनी पेन्शनमधून दिले.

चूक कुणाच्याही हातून होते. पण गुरुजींना सांगितलेलं ते वाक्य ही चूक नव्हती.

मागे वळून पाहिलं की असंच बरंच दिसतं. कूलिंग कॉइल गळतेय हे माहीत असूनही, डॅशबोर्ड खोलायला नको म्हणून, दर मार्चला त्याच गाडीत गॅस भरला. दरवर्षीचं गिऱ्हाईक म्हणून त्याचं बरंही वाटलं. आपल्या जुन्या गाड्यांतला 134ए गॅस ओझोनला धक्का लावत नाही, एवढ्यावर मी निर्धास्त होतो. पण शंभर वर्षांचा हिशेब धरला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या तेराशेपट हवा तापवतो. अशा गाडीत अर्धा किलोच्या आसपास गॅस असतो. तो गळून गेला की सहाशे किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं. असे गॅस कमी करायचं 2016 मध्ये किगालीच्या आंतरराष्ट्रीय बैठकीत ठरलं आणि 2021 मध्ये भारतानेही त्याला मंजुरी दिली. माझ्या दुकानात मात्र गळती शोधायचं साबणाचं पाणी कोपऱ्यात पडून होतं.

या जानेवारीत, गड्ड्याची यात्रा चालू असताना, मी गुरुजींच्या घरी गेलो. पैसे पुढे ठेवले आणि सगळं सांगितलं. रिलेचं, पिळलेल्या वायरींचंही. ते बराच वेळ गप्प होते. मग एवढंच विचारलं, "मी सिग्नलचं सांगितलं होतं ना?"

"होय गुरुजी. दोनदा."

त्यानंतर मी जुन्या वह्या काढल्या. स्विच काढून वायरी थेट जोडलेल्या आणखी नऊ गाड्या निघाल्या. चार गाड्यांचे मालक सापडले, त्यांना नवे स्विच बसवून दिले. पाच गाड्यांचा पत्ता अजून लागलेला नाही. तुमच्या जुन्या गाडीचा एसी होटगी रोडला एखाद्या छोट्या दुकानात झाला असेल, तर उन्हाळ्याआधी बॉनेट उघडून कंडेन्सरजवळच्या पाइपवर बघा. काळ्या टेपखाली दोन वायरी एकत्र पिळलेल्या दिसल्या तर गाडी घेऊन या. पैसे लागणार नाहीत.