तागडी आपल्या हाती आली आहे



मेहकर तालुक्यातल्या एका गावी पौर्णिमेची वंदना झाली. मंडळी उठू लागली, तेव्हा एक माउली मागे थांबली. म्हणाली, "गुरुजी, माह्या पोराले बियाण्याच्या कंपनीत नोकरी लागली. फटफटीबी देली. पण त्याले फवारनीचं औषध इकावं लागते. आपल्या धम्मात तं जहराचा धंदा करू नाही म्हनते. मंग त्यानं नोकरी सोडाव काय?"

हा प्रश्न त्या माउलीच्या एकटीचा नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेकडो घरांतली मुले आज मोटारसायकलवर पिशवी अडकवून चिखली, मलकापूर, देऊळगाव राजाच्या रस्त्यांवर फिरत आहेत. कोणी बियाणे विकतो, कोणी औषधे, कोणी विमा, कोणी साबण. सरकारी नोकरी मिळाली नाही म्हणून पोरगा विक्रीच्या धंद्यात गेला, असे आईबाप खाली मान घालून सांगतात. म्हणून आज याच विषयावर बोलू.

पहिली गोष्ट ही, की विकणे हे हलके काम नाही. भगवान बुद्धांना बोधी प्राप्त झाल्यानंतर त्यांचे पहिले दोन उपासक झाले ते तपस्सु आणि भल्लिक. हे दोघे गाड्यांवर माल लादून दूरदेशी जाणारे व्यापारी होते. श्रावस्तीचे जेतवन संघाला देणारा अनाथपिंडिक हाही व्यापारीच. धम्माने व्यापाऱ्याला कधी दूर लोटले नाही.

आपल्याला मात्र बाजाराने दूर लोटले होते. खामगावला कापसाचा मोठा बाजार होता. 1870 साली खास त्यासाठी जलंबहून रेल्वेचा फाटा आला. शेतात कापूस वेचणारे, गाठी वाहणारे हात आपले होते. तागडी धरणारे हात आपले नव्हते. बाबासाहेबांचेच उदाहरण घ्या. अमेरिकेत अर्थशास्त्र शिकून आल्यावर त्यांनी मुंबईत शेअर-रोख्यांबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय काढला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली. म्हणजे ज्ञानात उणीव नव्हती. उणीव गिऱ्हाइकाच्या मनात होती. आज आपली मुले विकायला निघाली आहेत, ती त्याच बंद दारातून पाऊल आत टाकत आहेत. मान खाली घालण्याचे कारण नाही.

आता माउलीच्या प्रश्नाकडे येऊ. सम्यक आजीविका सांगताना भगवंतांनी उपासकाला पाच व्यापार वर्ज्य केले: शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. फवारणीचे औषध हे विषच आहे, यात शंका नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ती माणसे आपल्यासारखीच होती; दुसऱ्याच्या शेतात रोजाने पंप पाठीवर घेणारी. त्यामुळे माउलीच्या मनात आले ते खरेच आले.

पण धम्म नुसता शब्द पाहत नाही. धम्म चेतना पाहतो, आणि कृतीने कोणाचे दुःख वाढले तेही पाहतो. पीक वाचावे म्हणून शेतकरी औषध मागतो. ते देणारा त्याला डब्यावरचा त्रिकोण दाखवतो का? लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल विष, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. मजुराने नाकाला फडके, हाताला मोजे बांधावे, वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नये, उपाशीपोटी पंप घेऊ नये, हे तो सांगतो का? की महिनाअखेरचे टार्गेट भरायचे म्हणून एका औषधाची गरज असता तीन गळ्यात मारतो? एक माणसाचा जीव राखतो, दुसरा विषाचा व्यापार करतो. दोघांच्या पिशवीत डबा एकच असेल.

तरीही ज्याच्या मनाला हे काम टोचते, त्याने ते रेटू नये. बियाणे, अवजारे, ठिबकच्या नळ्या, सौरपंप विकायला पुष्कळ वाव आहे. आणि वरिष्ठ जर मान्यता नसलेले चोरटे बियाणे खपव म्हणाले, तर त्याच दिवशी नोकरी सोडावी. असे बियाणे फसले तर शेतकऱ्याला पावतीही नसते, दाद मागायला जागाही नसते. दुबार पेरणीने किती घरे बुडाली, हे आपल्या जिल्ह्याला सांगायला नको.

विक्री करणाऱ्याने कसे असावे, हेही भगवंतांनी सांगून ठेवले आहे. यशस्वी दुकानदाराचे तीन गुण त्यांनी सांगितले. पहिला, त्याला दृष्टी असते: माल केवढ्याला घेतला, केवढ्याला विकला, हाती काय राहिले, हे तो जाणतो. दुसरा, तो खरेदी-विक्रीत कुशल असतो. तिसरा, त्याला आधार असतो: त्याची सचोटी पाहून पैसेवाले आपणहून भांडवल देतात. आपल्याकडे पिढीजात भांडवल नाही. म्हणून तिसरा गुण आपण सर्वांत जास्त जपला पाहिजे. पत हेच गरिबाचे भांडवल.

जातककथेत दोन फेरीवाले आहेत. गरिबीत आलेल्या एका घरच्या म्हातारीने जुनी काळवंडलेली थाळी पहिल्याला दाखवली. ती सोन्याची आहे हे ओळखूनही फुकटात मिळावी म्हणून त्याने ती फेकून दिली आणि कवडीमोल म्हणून निघून गेला. दुसरा आला, त्याने खरी किंमत सांगितली, जवळचे होते नव्हते ते सारे देऊन थाळी घेतली. पहिला परत आला तेव्हा दार त्याच्यासाठी बंद झाले होते. खोटे बोलणाऱ्याला एकदा विकता येते. पुढच्या हंगामात त्याच गावात फटफटी नेता येत नाही.

आणखी एक अवघड गोष्ट. गावोगाव आपल्या मुलाला आडनाव विचारतात. आडनाव ऐकून पाण्याचा पेला मागे घेणारे आजही भेटतात. कायदा आपल्या बाजूने आहे. 1955 च्या कायद्याने अस्पृश्यतेपोटी माल नाकारणे गुन्हा ठरले. पण कायदा गिऱ्हाइकाला आपल्याकडून माल घ्यायला लावू शकत नाही. मग आडनाव लपवावे का? 1917 साली बडोद्यात राहायला जागा मिळेना, तेव्हा बाबासाहेबांना पारशी नावाने एका पारशी विश्रामगृहात उतरावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन माणसे आली. खोट्या नावाचा आसरा टिकत नाही. कोणी उगाच जात विचारली तर उत्तर देण्याचे बंधन आपल्यावर नाही. पण आपण होऊन खोटे नाव सांगू नका. चौथे शील तागडीपुरते नाही, नावालाही लागू आहे.

पाचवे शीलही सांभाळा. या धंद्यात डीलरच्या बैठका रात्री होतात आणि तिथे बाटली उघडते. प्यायला नाही तर ऑर्डर मिळणार नाही, अशी भीती घालतात. बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याचीही प्रतिज्ञा आहे. ती विहारात पाळणे सोपे. लॉजच्या खोलीत पाळणे हीच परीक्षा.

कमिशनचा पैसा एक महिना भरपूर येतो, दुसरा महिना कोरडा जातो. म्हणून भगवंतांनी सिगालाला सांगितलेली वाटणी घरोघरी पाळा: चार भागांतला एक संसाराला, दोन धंद्यात, एक संकटासाठी. मुलाला विक्रेत्यावरच थांबू देऊ नका. शेतीची पदविका, पदवी घेतली तर पुढे अधिकारी होता येईल, परवाना काढून स्वतःचे कृषी सेवा केंद्र टाकता येईल. मुलींनाही हाच रस्ता मोकळा आहे. 1978 साली स्थापन झालेले महात्मा फुले महामंडळ अशाच कामासाठी आहे. कागद घेऊन तिथे जा. आणि आपल्या माणसाने दुकान टाकले तर तिथे रोखीने घ्या. उधारीने आपलीच दुकाने आपणच बुडवली आहेत.

त्या माउलीला आम्ही म्हणालो, "माय, पोराला नोकरी सोडायला सांगू नको. रोज रात्री घरी आला की त्याला एकच विचार: आज तू जे इकलं, ते आपल्या वावरात वापरलं असतं काय? आपल्या बापाच्या पाठीवर पंप देताना असंच सांगितलं असतंस काय?" ती घटकाभर गप्प राहिली. मग म्हणाली, "त्याचा बाप फवारनीच करते, गुरुजी."

उपासकांनो, म्हणूनच तागडी आपल्या हाती आली आहे. तिचे पारडे कोणाच्या जिवावर झुकवू नका.

जय भीम!