खुर्ची कधी घ्यायची?

मणक्याला मार बसून मज्जारज्जू दुखावलेल्या मुलाच्या घरात पहिले काही महिने एकच प्रश्न घुमत असतो: चालेल ना? डॉक्टरांना तोच, फिजिओला तोच, देव्हाऱ्यातल्या देवालाही तोच. त्याच्या आड दुसरा एक प्रश्न दडलेला असतो, तो मोठ्याने कुणी विचारत नाही. खुर्ची घ्यायची का? व्हीलचेअरची चौकशी करायलाही जीव धजत नाही. खुर्ची आणली म्हणजे हार मानली, असं आजी बोलून दाखवते आणि आईवडिलांनाही आतून तेच वाटत असतं. आशा आणि स्वीकार यांची खरी ओढाताण मला या खुर्चीपाशी दिसते.

आशेला आधार असतोच. मार बसल्यावर काही दिवस, कधी काही आठवडे, मज्जारज्जू जणू बधिर होतो. तेव्हा ‘बघू या’ म्हणणारा डॉक्टर टाळाटाळ करत नसतो, त्याला खरंच सांगता येत नसतं. पुढे गुदद्वारापाशी स्पर्श कळतो का, तिथला स्नायू आवळता येतो का, हे तपासतात. दोन्हीपैकी काहीही शाबूत असेल तर इजा अपूर्ण समजतात आणि सुधारणेची शक्यता बरीच वाढते. जी सुधारणा व्हायची तिचा मोठा भाग पहिल्या सहा महिन्यांत ते वर्षभरात होतो. लहान मुलांत आणखी एक चकवा आहे. डोकं शरीराच्या मानाने जड, अस्थिबंध सैल. त्यामुळे हाड न मोडताही कणा ताणला जातो आणि आतला मज्जारज्जू दुखावतो. पांग आणि विल्बर्गर या डॉक्टरांनी 1982 मध्ये अशा मुलांवर निबंध लिहिला. एक्स-रे स्वच्छ, पाय मात्र निपचित. ‘हाड तर मोडलेलं नाही, मग चालेलच’ या समजुतीवर घर महिनोन्‌महिने तग धरून राहतं.

आणि मग आशेचे दुकानदार येतात. मालिशवाले, देवऋषी, स्टेम सेलची जाहिरात करणारे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या काही आजारांसारखे मोजके अपवाद सोडले तर स्टेम सेलचे उपचार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करता येत नाहीत. तरी माणसं शेत विकून ते करून घेतात. त्यांना भाबडं म्हणायची माझी हिंमत नाही; लेकरासाठी कोण विकणार नाही?

प्रयोगशाळेतलं काम मात्र खोटं नाही. अमेरिकेत लुइव्हिल इथे मज्जारज्जूवर विद्युत-उत्तेजक बसवलेला एक तरुण उभा राहू शकला, हे 2011 मध्ये प्रसिद्ध झालं. 2018 मध्ये मोजके रुग्ण, तेही प्रौढ, महिनोन्‌महिन्यांच्या सरावानंतर आधार घेऊन पावलं टाकू लागले. उद्या आणखी काही निघेल. पण ते निघेल तेव्हा त्याचा उपयोग कुणाला होईल? ज्याचे सांधे आखडलेले नाहीत, मूत्रपिंडं शाबूत आहेत, पाठीवर जखमा नाहीत, कणा वाकलेला नाही, त्याला. वाढीचा जोर येण्याआधी इजा झालेल्या जवळजवळ सगळ्या मुलांचा कणा कालांतराने वाकतो. मोठ्या माणसाच्या मापाच्या उसन्या खुर्चीत मूल एका कुशीवर कलंडून बसतं आणि हे वाकणं वाढत जातं. म्हणून मापाची खुर्ची लवकर घ्यावी, हे माझं ठाम मत. आपण ज्याला स्वीकार म्हणतो, ती रोजची कामंच आशेची राखण करतात.

लघवीच्या नळीचंही तसंच. दर काही तासांनी स्वच्छ हातांनी नळी घालून मूत्राशय रिकामं करायचं, ही डॉ. लापिडिस यांनी 1972 मध्ये मांडलेली साधी पद्धत. तिने असंख्य मूत्रपिंडं वाचवली. एका पुनर्वसन केंद्रात मी आठ वर्षांच्या मुलीला ती शिकताना पाहिलं. मांड्यांमध्ये छोटा आरसा टेकवलेला, जीभ दाताखाली, नळी दोनदा चुकली. आईचा हात सारखा पुढे जात होता. मुलगी म्हणाली, ‘‘आई, तू बाहेर थांब ना.’’ आई दाराबाहेर आली आणि भिंतीला टेकून रडली. पोरीचे पाय गेले त्याचं ते रडणं होतंच, पण मला वाटतं, पोर आता स्वतःचं स्वतः करणार याचंही होतं.

आईला हे सगळं हातांनी करावं लागतं म्हणून ती बहुधा आधी सावरते. बाप पुढच्या उपचाराचे पैसे जमवत असतो. त्याची आशा त्याच्या कामात गुंतलेली असते. यावरून घरात भांडणं होतात. कुणाचंच चुकत नसतं. शिवाय स्वीकार एकदा करून संपत नाही. मूल वाढतं, पायांना आधार देणारे कॅलिपर तोकडे पडतात, वर्गाची सहल निघते, मूल वयात येतं. दरवेळी दुःख नव्याने वर येतं.

मला सर्वांत जास्त भीती वाटते ती एका वाक्याची: ‘तू चालायला लागलास की शाळेत जायचं हं.’ यातून मूल इतकंच शिकतं की आत्ताचा मी चालणार नाही. नवस बोलावा, पण त्याच्यासमोर बोलू नये. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे पाय ऐन तरुणपणात गेले. त्यांनी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली आणि ‘चाकाची खुर्ची’ या नावाने आत्मकथन लिहिलं. अशा गोष्टी मुलाला जरूर सांगाव्यात, मात्र ‘तूही असंच काही करून दाखव’ हे शेपूट न लावता. त्याला गणिताचा कंटाळा येण्याचीही मुभा हवी.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 6 ते 18 वर्षांच्या, चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलांना जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. तेव्हा प्रमाणपत्र काढून घ्यावं आणि मुख्याध्यापकांना आत्ताच लेखी अर्ज द्यावा: वर्ग तळमजल्यावर हवा, पायऱ्यांशेजारी उतार हवा, आणि मधल्या सुट्टीत नळी घालता येईल असं, आतून कडी असलेलं स्वच्छतागृह हवं. फिजिओ चालू राहू दे. अर्ज त्यासाठी थांबवू नका.