विश्रांती आखता येते का?

पिलाटीजचे निवांत शिबिर आखणाऱ्यापुढे पहिल्याच दिवशी एक जुना पेच उभा राहतो. विश्रांती ही करण्याची गोष्ट आहे, की करणे थांबवण्याची? हा व्यायाम तर पुरता ताब्यावर उभा आहे. १८८३ मध्ये जर्मनीत जन्मलेले जोसेफ पिलाटीज पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या नजरकैदेत होते. तिथे त्यांनी आपल्या पद्धतीवर बरेच काम केले आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये ती शिकवली. तिला त्यांनी दिलेले नाव ‘कॉन्ट्रॉलॉजी’, म्हणजे नियंत्रणाची विद्या. पोट आत ओढलेले, श्वास हालचालीशी बांधलेला, पाठ एकेक मणका करत जमिनीला टेकवायची. यात अंग सैल सोडायला जागा कुठे?

कामधंदा मागे ठेवून ठरावीक दिवस ठरावीक क्रमाने राहण्याची रीत धर्मांना जुनीच. इग्नेशियस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक व्यायाम’ या पुस्तकाला १५४८ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी मान्यता दिली. चालणे-धावणे हे जसे देहाचे व्यायाम, तसे ध्यान-प्रार्थना हे आत्म्याचे, अशी तुलना त्यात आरंभीच येते. आजच्या शिबिरांनी ती उपमा पुन्हा देहाकडे वळवली, हे जरा गमतीचेच. इग्नेशियस यांचा क्रम चार आठवड्यांचा, साधारण ३० दिवसांत पुरा होणारा. पण आठवडा सात दिवसांचाच हवा असा त्यांचा हट्ट नाही. साधकाची गती पाहून तो लांबवावा किंवा आवरता घ्यावा, अशी मुभा मार्गदर्शकाला आहे.

ज्यूंचा शब्बाथ हा प्रश्न दुसऱ्या टोकाकडून सोडवतो. त्या दिवशी ३९ प्रकारची कामे वर्ज्य. स्वयंपाक आणि दिवे लावणे शुक्रवारी सूर्यास्तापूर्वीच उरकायचे. धावपळ असते, पण ती उंबरठ्याबाहेर संपते. कोकणातल्या बेने इस्रायल समाजाला गावकरी ‘शनिवार तेली’ म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. धंदा तेल गाळण्याचा, पण ओळख पडली ती न केलेल्या कामावरून! ॲरिस्टॉटलच्या मते विसावा पुढच्या कामासाठी असतो, म्हणून तो साध्य ठरत नाही. ताजेतवाने होऊन सोमवारी कामावर रुजू व्हा, असे सांगणारी शिबिराची जाहिरात नकळत त्याच्याच बाजूची. शब्बाथला हा हिशेब मान्य नाही. तिथे आठवड्याचे सहा दिवसच सातव्याकडे चालत जातात.

या दोहोंच्या मधली वाट पतंजलीच्या साधनपादात सापडते, आणि देहाच्या व्यायामाला तीच सर्वांत जवळची आहे. आसन स्थिर असावे आणि सुखकरही असावे, असे सांगून लगेच पुढच्या सूत्रात ते कशाने साधते हे दिले आहे: प्रयत्न सैल करण्याने आणि चित्त अनंतात लावण्याने. ‘प्रयत्नशैथिल्य’ म्हणजे आळस नव्हे. जो प्रयत्न घेतलाच नाही, तो सैल तरी काय करणार? दोरी आधी ताणलेली असेल तरच ढिली सोडता येते. पिलाटीजमध्येही नवशिक्याचे खांदे कानांपर्यंत चढतात आणि जबडा आवळला जातो. ताबा खरोखर आला की नको तिथला जोर आपोआप गळतो. म्हणजे नियंत्रण आणि विसावा एकमेकांचे वैरी आहेत, हे गृहीतच कच्चे आहे.

तेव्हा आखायची ती विश्रांतीभोवतीची कुंपणे. खोल्यांची वाटणी, जेवणाची व्यवस्था, येण्याजाण्याची वाहने हे सारे लोक पोहोचण्यापूर्वीच मिटलेले असावे. व्यायामाची सत्रे दिवसाला दोनच पुरेत. दुपार कोरी ठेवावी आणि तिला ‘मुक्त उपक्रम’ असले नावही देऊ नये, कारण नाव दिले की तिथेही हजेरी लागते. संध्याकाळच्या सत्राच्या वेळी कोणी गाढ झोपलेले असेल, तर दार वाजवायचे की नाही, हे शिक्षकांनी आधीच ठरवून ठेवावे. ते न वाजवलेलेच बरे.