वाळ्याचे अत्तर आणि भोगाचा प्रश्न
उपोसथाच्या दिवशी बौद्ध उपासक जी आठ शीले पाळतो, त्यांत माळा, गंध आणि विलेपन वर्ज्य आहे. मग उन्हाळ्यात दिवसा वाळ्याचे अत्तर लावणे हा भोगच ठरतो का? पण भोगाला भोक्ता लागतो, आणि नाक तर सततच्या वासाला लवकर सरावते. लावणाऱ्याला तो जाणवेनासा होतो. उरतो तो शेजारच्यासाठी.

यावर कोणी म्हणेल, मग हा अहंकार झाला, दुसऱ्यावर छाप पाडणे झाले. आक्षेप वजनदार आहे. नको ते दिसले तर डोळे मिटता येतात, श्वास मात्र फार वेळ रोखून धरता येत नाही. म्हणून भर उन्हात उग्र अत्तर फवारणे मला हिंसेच्या जवळचे वाटते. तरीही वैशेषिक दर्शनाने गंध हा पृथ्वीचा विशेष गुण मानला आणि माणसाचा देह पार्थिव. गंधहीन राहण्याची मुभा देहाला नाहीच. घामही शेजाऱ्यापर्यंत पोहोचतोच. निवड फक्त कोणता गंध आणि किती, एवढीच उरते. आणि वाळ्याचा एखादा थेंब त्या शेजाऱ्याचा विचार करूनही लावता येतो.